लायक मेळटात, गिरायक मेळना: फुकटची जाहिरात नेमकी अडते कुठे?

गोव्यातल्या फोंड्याच्या वरच्या बाजारात माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स यांवर घर चालतं. पण अलीकडे श्रावण लागला की काउंटरवर कागदांपेक्षा मोबाईल जास्त पुढे येतात. खाजें करणाऱ्या, लोणची-पापडवाल्या, ब्लाउज शिवणाऱ्या, एसी दुरुस्त करणारा, घरातली वरची खोली पर्यटकांना देणारा. सगळ्यांची तक्रार एकच आणि शब्दही जवळपास तेच: "लायक मेळटात रे, पूण गिरायक मेळना." म्हणजे लाइक मिळतात, पण गिऱ्हाईक मिळत नाही.

मी बघून देतो. पैसे घेत नाही, कारण त्याच फेरीत दोन झेरॉक्स आणि एखादं स्टिकरचं काम सुटतं. गंमत अशी की चतुर्थीला ज्याचं सगळं नीट करून दिलं, तोच नाताळाच्या आधी तीच तक्रार घेऊन पुन्हा दारात. म्हणून एकदा बसून लिहितोय. पुढच्या वेळी लिंक पाठवून मोकळा होईन.

आधी मीसुद्धा चुकीच्या टोकाकडून सुरुवात करायचो. फोटो उजेडात काढ, रोज काहीतरी टाक, रील कर. डोळे उघडले ते माशेलच्या एका काकींमुळे. त्या खाजें करतात. बेसनाच्या काड्या आल्या-तिळाच्या गुळपाकात घोळल्या जाताहेत असा त्यांच्या मुलीने काढलेला रील होता, चार हजारांवर लोकांनी पाहिलेला. बघून तोंडाला पाणी सुटावं असा. त्यातून ऑर्डरी आल्या तीन, आणि त्यातल्या दोन नात्यातल्या. रीलमध्ये मला खोट काढता येईना. शेवटी माझ्याकडे कामाला असलेल्या पोराला म्हटलं, "तू काकींना ओळखत नाहीस. तुझ्या फोनवरून अर्धा किलो खाजें मागवून दाखव."

दहा मिनिटांत तो हरला. रीलखाली गावाचं नाव नव्हतं. फोन नंबर फोटोत छापलेला, म्हणजे बोट लावून लागत नाही, कागदावर उतरवून घ्यावा लागतो. उतरवून लावला तर बंद. भाव विचारायला मेसेज टाकला, तो काकींच्या इन्स्टाग्रामवर अनोळखी लोकांचे मेसेज जिथे साठतात त्या 'रिक्वेस्ट'च्या कप्प्यात जाऊन पडला. तो कप्पा काकींनी कधी उघडलाच नव्हता. उघडला तेव्हा आत जुने मेसेज दडलेले. एक पुण्याचा होता, आणि एक जवळच्याच म्हार्दोळचा, घरच्या देवकार्याला पाच किलो हवं होतं त्याला. तारीख केव्हाच उलटून गेली होती.

तेव्हापासून मी उलट्या दिशेने तपासतो. आधी पैसे, मग बोलणं, मग भाव, मग पत्ता, मग शोध, आणि पोस्ट सगळ्यात शेवटी. घागर फुटकी असताना नळ मोठा करून काय उपयोग?

आधी ही परीक्षा घ्या

स्वतःच्या फोनवर तपासू नका, तो तुमचं मन राखतो. तुम्ही रोज आपलंच पान उघडता, म्हणून तुम्हाला तेच वर दिसतं. ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही अशा माणसाचा फोन घ्या, नाहीतर निदान गुगल ब्राउझरच्या गुप्त टॅबमध्ये उघडा. दुकानाचं नाव न सांगता फक्त वस्तू आणि गाव सांगा: "माशेलात खाजें कुठे मिळतं ते शोध, भाव काढ, आणि पैसे द्यायच्या पायरीपर्यंत जा." मग शेजारी बसा आणि गप्प राहा. हे गप्प राहणं सगळ्यात कठीण. "अरे तिथे नाही, खाली दाब" असं तुम्ही म्हणालात की परीक्षा संपली, कारण खऱ्या गिऱ्हाइकाच्या शेजारी तुम्ही नसता.

तो जिथे थांबतो, तिथे तुमचा बिघाड. बहुतेकांचा खालीलपैकी एखाद्या जागी सापडतो. एकापेक्षा जास्त जागी सापडला तर पैशाच्या बाजूने जो जवळचा, तो आधी दुरुस्त करा.

"सगळ्यांना पाठवतो, पण कोणी उत्तरच देत नाही"

व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी हे याचं मूळ. यादीत २५६ जण घेता येतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यालाच तो मेसेज पोचतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. तुम्ही त्याचा नंबर सेव्ह करून भागत नाही, त्याने तुमचा करायला हवा. पाठवलेला मेसेज दाबून धरा आणि माहिती उघडा, किती जणांना पोचला ते दिसेल. केरी-सत्तरीहून एक मसालेवाले आले होते, यादीत दोनशेच्या वर नावं. पोचलेले मोजले तर चाळीसही भरेनात. ते समजत होते लोक त्यांना कंटाळले. लोकांना बिचाऱ्यांना मेसेज मिळालेलाच नव्हता.

उपाय स्वस्त आहे. पुडक्यावर, बाटलीवर, पिशवीवर एक लहान स्टिकर: "हा नंबर सेव्ह करा आणि 'मसाला' एवढंच लिहून पाठवा. नवा माल आला की कळवू." माणसाने स्वतःहून मेसेज केला की तुमच्याकडेही त्याची नोंद होते आणि तो आपल्या मर्जीने आत आलेला असतो. यादी लहान होईल. होऊ दे. मसालेवाल्यांची यादी आता साठेक जणांची आहे आणि एप्रिल-मेमध्ये, पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी चालते तेव्हा, तेवढी त्यांना पुरते. घरोघरी मिरच्या-कोकम भरून ठेवायचे ते दिवस, गिऱ्हाईक आपणहून नंबर शोधत असतं.

ग्रुपमध्ये परस्पर लोकांना घालू नका. गावच्या देवस्थानच्या, शाळेच्या ग्रुपवर भाव टाकणंही बंद करा. त्यावर मिळणाऱ्या हात जोडलेल्या खुणा म्हणजे ऑर्डर नव्हे, "पुरे आता" असा त्याचा अर्थ.

साधं व्हॉट्सअ‍ॅप वापरत असाल तर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या, तेही फुकटच आहे. त्यातल्या तीन गोष्टी कामाच्या. कॅटलॉग, म्हणजे फोटो, वजन आणि भाव एकदाच भरून ठेवायचे. ठरावीक उत्तरं, म्हणजे "घरी कधी मिळेल", "पार्सल करता का" यांची तयार वाक्यं दोन अक्षरांत येतात. आणि छोटी लिंक, जी दाबली की थेट तुमच्याशी बोलणं सुरू होतं. काकींच्या इन्स्टाग्रामवर आम्ही फोटोतला नंबर काढून ही लिंक टाकली. लिंक हाताने बनवणार असाल तर ९१ आणि पुढे दहा आकडे, मध्ये अधिकचं चिन्ह, शून्य, मोकळी जागा काही नको. या एका चुकीपायी बंद पडलेल्या लिंका मी इतक्या पाहिल्यात की आता आधी तेच बघतो.

"भाव विचारतात आणि गायब होतात"

भाव लिहिलेला नसतो म्हणून. "भावासाठी मेसेज करा" असं लिहिलं की लोक बोलतील, मग आपण पटवू, असा हिशेब असतो. आपल्याकडे तो उलटा पडतो. गोव्यातला माणूस बाजारात उभा राहून "कितें भाव?" बिनधास्त विचारतो, पण फोनवर अनोळखी माणसाला विचारलं तर घेतलंच पाहिजे असं ओझं त्याला वाटतं. तो विचारतच नाही. जो विचारतो त्याला उत्तर चार तासांनी मिळतं, तोवर त्याने दुसरीकडून घेतलेलं असतं.

भाव लिहा. काजू, नारळ यांसारख्या मालाचा भाव हलत असेल तर तारीख घालून लिहा: "१० तारखेपर्यंत". सोबत किमान किती घ्यावं लागेल, किती दिवस आधी सांगावं लागेल, आणि माल हातात कसा पडेल. हे शेवटचं सगळे विसरतात. पणजीच्या माणसाला माशेलचं खाजें हवं तर त्याने यायचं, की तुम्ही बसवाल्याकडे पुडकं देणार, की पोस्टाने पाठवणार? हे ठरलेलं नसेल तर बोलणं तिथेच लटकतं.

"मॅप भलतीकडेच नेतो"

आता गुगलवरच्या धंद्याच्या नोंदीबद्दल, म्हणजे 'गुगल बिझनेस प्रोफाइल'बद्दल. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण फुकटात मिळणाऱ्या गोष्टींमध्ये हिच्याएवढी कामाची दुसरी नाही आणि गोव्यात ती सगळ्यात जास्त बिघडलेली असते. रील बघणारा करमणूक शोधत असतो. मॅपवर "एसी दुरुस्ती" टाइप करणाऱ्याच्या घरी एसी बंद पडलेला असतो.

आपले पत्ते मुळात विचित्र. घर क्रमांक वॉर्डाप्रमाणे, रस्त्याला बहुधा नाव नाही, आणि खूण म्हणजे "देवळाच्या तळीच्या मागे, आंब्याकडून उजवीकडे". गुगलला तो पत्ता कळत नाही, मग ते गावाच्या मधोमध कुठेतरी पिन टोचतं. म्हणून पत्ता लिहून थांबू नका, नोंदीच्या पत्त्यात जाऊन पिन बोटाने ओढून थेट आपल्या दारावर आणा. आणि दारावर म्हणजे रस्त्याच्या बाजूच्या दारावर. कुंभारजुव्यात एकाच्या घराची पिन मागच्या अंगणात पडली होती, मॅप लोकांना मागच्या खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीच्या, बांधावर नेऊन उभं करायचा.

घरून धंदा करता आणि लोकांनी घरी यावं असं वाटत नाही? मग पत्ता लपवा आणि तुम्ही कुठे-कुठे सेवा देता ते भाग भरा, वीसपर्यंत भरता येतात. नियमही तसाच आहे, आणि एकट्या राहणाऱ्या बाईने घराची पिन जगाला दाखवायची गरजही नाही.

नावात हुशारी नको. पर्यटकांना दुचाकी भाड्याने देणाऱ्या एका मुलाने दुकानाच्या नावापुढे "गोव्यात सर्वांत स्वस्त, एअरपोर्ट, कळंगुट, बागा" असं सगळं जोडलं होतं. पाटीवर जे नाव आहे तेवढंच लिहायचं असा गुगलचा नियम आहे. त्याची नोंद निलंबित झाली, तीही ऐन डिसेंबरात, आणि ती परत मिळवताना जो वेळ गेला तोच त्याचा कमाईचा हंगाम होता. जी शब्दांची माळ नावात घालावीशी वाटते तिच्यासाठी प्रकाराचा रकाना आहे. मुख्य प्रकार एक आणि वर आणखी नऊ निवडता येतात. काकींनी पहिल्यांदा 'रेस्टॉरंट' निवडलं होतं. लोक फोन करून टेबल मागायचे.

वेळेचा घोळ तर खास आपला. गोव्यातली निम्मी दुकानं दुपारी एक ते चार बंद. गुगलवर मात्र "सकाळी नऊ ते रात्री आठ". पर्यटक दोन वाजता उन्हातून येतो, शटर बघतो आणि एक तारा देऊन जातो. एकाच दिवसाच्या दोन वेळा भरायची सोय आहे: नऊ ते एक आणि चार ते आठ. चतुर्थीचे पाच दिवस, जत्रा, चर्चचं फेस्त यांसाठी विशेष वेळा वेगळ्या भरता येतात. गावातल्यांना न सांगता कळतं की चतुर्थीला तुम्ही घरच्या गणपतीवर बांधलेल्या फळा-पानांच्या माटोळीखाली बसलेले असणार. बेळगावहून आलेल्या माणसाला कसं कळावं?

नोंद खरी आहे हे पटवायला गुगल हल्ली बहुधा व्हिडिओ मागतं. न थांबता, एका दमात काढायचा: रस्ता आणि आजूबाजूच्या पाट्या, मग तुमची पाटी, मग कुलूप उघडून आत, मग कामाची साधनं. लोक फक्त पाटीचा व्हिडिओ पाठवतात आणि नाकारला की वैतागतात. कुलूप तुमच्या किल्लीने उघडतंय हेच त्यांना बघायचं असतं.

अभिप्राय मागायला लाजू नका, पण विकत घेऊ नका. "पाच तारे द्या, दहा टक्के सूट घ्या" हे गुगलच्या नियमात बसत नाही. पैसे देऊन झाले, माणूस खूश आहे, तेव्हा काउंटरवरचा क्यूआर दाखवून विचारायचं, बस. वाईट अभिप्राय आला तर एक दिवस जाऊ द्या आणि मग दोन ओळींत उत्तर द्या. त्या माणसाशी भांडण जिंकायचं नाही, पुढचा वाचणारा तुमची भाषा बघतो.

एक जुना सांगाडा तेवढा तपासा. या नोंदीबरोबर पूर्वी गुगल एक पानाची फुकट वेबसाइट बनवू द्यायचं. मार्च २०२४ मध्ये ती सेवा बंद झाली. त्याच वर्षी जुलैअखेर नोंदीतली चॅटची सोयही गेली. त्या वेबसाइटचा पत्ता छापलेली व्हिजिटिंग कार्डं आजही माझ्याकडे पुनर्मुद्रणाला येतात. छापणारा मीच, तेव्हा माझंच चुकतंय म्हणा. आता आधी उघडून बघतो.

"नावाने शोधलं की दिसतं, वस्तूने शोधलं की नाही"

हा भाषेचा बिघाड आहे आणि गोव्याइतका तो क्वचितच कुठे होत असेल. आपण म्हणतो डिचोली, पाटीवर रोमनमध्ये लिहिलेलं असतं बिचोलिम. साखळी आणि सांकेलिम, पेडणें आणि पेर्नेम, माशेल आणि मार्सेल. बाहेरचा माणूस पाटी वाचतो तसं टाइप करतो, गावातला बोलतो तसं. मोठी गावं गुगलला दोन्हीकडून ओळखता येतात, पण तुमच्या इन्स्टाग्रामच्या ओळीत, कॅटलॉगमध्ये, फोटोच्या मजकुरात एकच रूप असेल तर दुसऱ्या रूपाने शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

वस्तूंचं तर आणखी अवघड. ज्याला आपण खाजें म्हणतो त्यालाच कोणी काडयो-बोडयो म्हणतो. सुकवलेल्या कोकमांना आपल्याकडे सोलां, पुण्या-मुंबईकडे आमसुलं. कोकमाचं आगळ शोधणारा "कोकम सरबत" टाइप करतो आणि त्याला साखरेच्या पाकाची बाटली मिळते. माल एकच, नावं चार, आणि तुम्ही लिहिलेलं असतं तुमच्या आईच्या तोंडचं एक. सगळी नावं वर्णनात लिहा, मराठी-कोकणीतही आणि रोमन अक्षरांतही. साध्या वाक्यात: "खाजें, म्हणजे काडयो-बोडयो, माशेल येथे घरी केलेले." हॅशटॅगांची लांबलचक शेपटी लावण्यापेक्षा हे एक वाक्य जास्त काम करतं.

इन्स्टाग्रामवर मोठ्या अक्षरांत जे नाव दिसतं ते शोधात धरलं जातं. तिथे "देवाची कृपा" किंवा मुलीचं लाडाचं नाव असतं. तिथे वस्तू आणि गाव हवं. हे नाव चौदा दिवसांत दोनदाच बदलता येतं, तेव्हा आधी कागदावर ठरवा. खालच्या ओळखीला दीडशे अक्षरं मिळतात. त्यातली साठ "स्वप्नांना पंख" यासारख्या ओळींवर घालवलेली पाहिली की मला माझ्या दुकानात छापल्या जाणाऱ्या पत्रिकांवरच्या चारोळ्या आठवतात.

खाजें आणि काही आंब्या-मिरच्यांच्या जातींना भौगोलिक मानांकन (जीआय) आहे, मानकुराद आंब्याला आणि बेबिंका या गोड पदार्थाला २०२३ साली मिळालं. म्हणून "जीआय प्रमाणित" असं लगेच पाकिटावर छापून घ्यायला लोक येतात. थांबा. मानांकन वस्तूला मिळतं, पण ते चिन्ह वापरायला तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. गावाची, पद्धतीची गोष्ट सांगायला कोणाची परवानगी लागत नाही, ती सांगा.

"लाइक येतात, पण कुठून?"

इन्स्टाग्राम खातं प्रोफेशनल केलं, तेही फुकट, आणि शंभर अनुयायी झाले की ते कोणत्या शहरांतले ते दिसतं. केपें भागातल्या एका ताईंचं पाहिलं तर बहुतेक लोक मुंबई आणि पुण्याचे. त्या विकत होत्या पातोळ्या. हळदीच्या पानातली पातोळी मुंबईला जाणार कशी? रीलवर समुद्रकिनाऱ्याचे हॅशटॅग लावले होते, त्यामुळे गोव्याच्या सुट्टीची स्वप्नं बघणारे लोक जमले होते. त्यांच्या लाइकमध्ये खोट नव्हती, फक्त त्यांचं पोट सहाशे किलोमीटरवर होतं.

इथे दोन रस्ते आहेत. माल प्रवास करणारा असेल, सोलां, मसाला, काजू, तर बाहेरचे लोक चालतील, पार्सलचा खर्च स्पष्ट लिहा. (आगळाची बाटली पाठवणार असाल तर झाकणाला मेण लावा, मी एकदा सगळी व्हिजिटिंग कार्डं जांभळी करून घेतली आहेत.) माल ताजा खायचा असेल तर प्रत्येक पोस्टवर ठिकाण म्हणून आपलं गाव लावा, मजकुरात तालुका लिहा आणि हजारांच्या आकड्याचा नाद सोडा. ताईंनी चतुर्थीआधी फक्त मडगाव-केपें-कुडचडें एवढ्या पट्ट्यातल्या ओळखीच्या पानांना विचारून एकत्र पोस्ट टाकल्या. एक फुलवाली, एक माटोळीचं सामान विकणारा आणि या. गिऱ्हाईक तिघांचं एकच, स्पर्धा कोणाशीच नाही. त्या वर्षी त्यांना शेवटचे दोन दिवस ऑर्डर थांबवावी लागली.

पैसे देऊन 'बूस्ट' करायचं असेल तर वरचं सगळं सुधारल्यावर. भाग म्हणून पूर्ण भारत न ठेवता आपल्या गावाभोवतीचं वर्तुळ निवडा, उद्देश लाइकऐवजी मेसेज निवडा, तीन दिवस थोडक्या रकमेत चालवून बघा. वर १८ टक्के जीएसटी लागतो तो हिशेबात धरा. बहुतेकांना याची गरज पडत नाही.

पैशाच्या पायरीवरचे चोर

नंबर जगजाहीर केला की गिऱ्हाइकाबरोबर ठगही येतात. ठरलेला प्रकार: "मी फौजी आहे, कॅम्पला पन्नास किलो हवंय, आगाऊ पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा." पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआयचा पिनही टाकावा लागत नाही, कधीच नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुमचे गेले. फसलात तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकाला फोन लावा, उशीर होईल तसे पैसे अडवणं कठीण होतं. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट हाही पुरावा धरू नका, खात्यात रक्कम आलेली बघून मगच पुडकं हलवा.

तसंच लहान धंद्यांची सरकारी उद्यम नोंदणी अधिकृत संकेतस्थळावर मोफत होते. तिच्यासाठी हजार-दोन हजार मागणारी हुबेहूब दिसणारी पानं शोधात वर येतात. गेल्या मोसमात दोघेजण माझ्याकडे त्या पावत्यांच्या झेरॉक्स काढायला आले होते.

दुरुस्त केलं तरी परत का बिघडतं?

याचं उत्तर मला तिसऱ्या-चौथ्या फेरीत सापडलं. पहिलं कारण भाचा. नोंद, पान, पासवर्ड सगळं भाच्याच्या जीमेलवर. भाचा पुण्याला कॉलेजात गेला, नाहीतर दुबईला. वेळा बदलायच्या तर त्याला फोन, आणि तो झोपलेला. नोंद तुमच्या स्वतःच्या जीमेलवर मालक म्हणून असू द्या, भाच्याला व्यवस्थापक ठेवा. भाच्याशी बोलणं बंद असेल तर गुगलवर मालकीची विनंती टाकता येते, जुन्या मालकाला उत्तर द्यायला तीन दिवस असतात. पण त्यापेक्षा चतुर्थीला घरी येईल तेव्हा समोर बसवून बदलून घ्या.

दुसरं कारण दुसरं सिम. धंद्यासाठी वेगळं सिम घेतात आणि हंगाम संपला की रिचार्ज थांबवतात. सलग ९० दिवस काही वापर नसला की कंपनी नंबर बंद करू शकते, पुढे तो दुसऱ्याला जातो. १२० दिवस न वापरलेलं व्हॉट्सअ‍ॅप खातंही पुसलं जातं. काकींचा बंद पडलेला नंबर तोच. चतुर्थी ते पुढची चतुर्थी एवढा काळ त्या सिमला कोणी हात लावला नव्हता, आणि तो नंबर रीलवर, खोक्यावर, आणि देवळाजवळच्या मी छापलेल्या फ्लेक्सवरही होता.

तिसरं कारण तुमच्या हातात अजिबात नाही. गुगलच्या नोंदीत कोणीही बदल सुचवू शकतं. एखादा दुपारी दोनला आला, शटर बंद दिसलं, त्याने "कायमचं बंद" असं सुचवलं, आणि काही वेळा ते मान्यही होतं. मालकाला ईमेल येतो, पण ईमेल भाच्याच्या जीमेलला. महिन्यातून एकदा, पगाराच्या तारखेला म्हणा, दुसऱ्याच्या फोनवर आपलं नाव शोधायचं आणि तीन गोष्टी बघायच्या: उघडं आहे का, नंबर लागतो का, पिन दारावर आहे का. पाच मिनिटं.

काकींचं सगळं आता त्यांच्या स्वतःच्या जीमेलवर आहे. माशेलच्या चिखलकाल्याच्या उत्सवाला बाहेरून गर्दी येते, म्हणून त्याआधी आठ दिवस त्या स्वतः येऊन माझ्या पोराला म्हणाल्या, "तुज्या फोनार पळय मरे." त्याने पाहिलं. पिन जागेवर, नंबर लागत होता, भाव मागच्या वर्षीचा होता.